रजिस्ट्री झाली, पण मालकी?

नागपुरात घर घेणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘रजिस्ट्री झाली’ हे शब्द येतात, तेव्हा त्यांत वीस-पंचवीस वर्षांच्या काटकसरीनंतरचा सुटकेचा निःश्वास असतो. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, बँकेचे कर्ज, पत्नीचे दागिने आणि मुद्रांक शुल्कासाठी ऐनवेळी केलेली उसनवारी या सर्वांची परिणती दुय्यम निबंधकाच्या शिक्क्यात होते आणि घर आपले झाले असे मानले जाते. परंतु कायद्याच्या दृष्टीने घर ‘आपले’ होणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न शिक्का पडण्यापूर्वी फारच थोडे लोक विचारतात. बहुतेकांना तो घर विकताना, वारसांच्या नावे करताना किंवा भाडेपट्टा संपल्याची नोटीस हाती पडल्यावर सुचतो.

पहिला गैरसमज रजिस्ट्रीविषयीच आहे. १९०८ चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद करतो. विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही. विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो, त्याहून तसूभरही अधिक नाही. फेरफाराची नोंद किंवा महापालिकेच्या कराची पावती हीही मालकी निर्माण करीत नाही. सारा आणि कर कोणाकडून वसूल करावा, एवढेच ती सांगते. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली टोरेन्स पद्धती सुरू झाली आणि नोंदवहीतील नावाला सरकारची हमी मिळाली. आपल्याकडे मुद्रांक शुल्क भरभक्कम घेतले जाते, हमी मात्र दिली जात नाही. विकणाऱ्याच्या मालकीची परंपरा निदान तीस वर्षे मागे तपासण्याचा शिरस्ता पडला आहे, तो त्यामुळेच.

दुसरा गैरसमज बयाणापत्र आणि मुखत्यारपत्र यांबद्दलचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीचा करार स्वतःहून मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण करीत नाही. शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदणीकृत विक्रीपत्रानेच होते. तरीही शहराच्या कडेच्या अभिन्यासांत वर्षानुवर्षे मुखत्यारपत्रांवर भूखंड हातोहात फिरले. अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सुरज लॅम्प प्रकरणात पुन्हा बजावले. अनधिकृत अभिन्यासांतील भूखंडांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला खरा. पण नियमितीकरण हे विकासाला मान्यता देते, सदोष खरेदीला निर्दोष करीत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते.

नागपूरचा खास प्रश्न मात्र भाडेपट्ट्याचा आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळात, १९३६ च्या कायद्यान्वये, नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला. त्याने आखलेल्या वसाहतींतील भूखंड साधारणतः तीस वर्षांच्या नूतनीकरणक्षम पट्ट्याने दिले गेले. दुसरीकडे राजधानीच्या दिवसांपासून चालत आलेली सरकारी नझूल जमीन आहे. तिच्यावरील बंगल्यांची जमीनही पट्ट्याचीच. पट्टेदार घर बांधतो, कर भरतो, झाडे लावतो. परंतु जमिनीच्या बाबतीत त्याच्याकडे असतो तो ठरावीक मुदतीचा उपभोगाचा हक्क. त्या हक्काला अटी असतात: भूभाडे वेळेवर भरणे, वापर न बदलणे, पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरण न करणे.

याचा व्यवहारातील अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. १९६५ साली तीस वर्षांसाठी दिलेला पट्टा १९९५ साली तेवढ्याच मुदतीसाठी वाढविला गेला. २०१० साली एका शिक्षकाने ते घर विकत घेतले. त्याने शेजारच्या पूर्ण मालकीच्या घराइतकीच किंमत मोजली. पण प्रत्यक्षात त्याच्या हाती पट्ट्याची पंधरा वर्षे आणि नूतनीकरणाची आशा एवढेच आले. जुन्या पट्टेदाराने परवानगीशिवाय बांधलेली खोली आणि थकविलेले भूभाडे हेही त्याच्याच वाट्याला आले. २०२५ साली मुदत संपली आणि निवृत्तिवेतनावर जगणारा हा गृहस्थ नूतनीकरणाच्या टेबलापुढे उभा राहिला. त्याची फसवणूक झाली असे म्हणावे, तर सारे काही मूळ पट्टालेखात लिहिलेले होते. तो लेख त्याने पाहिलाच नव्हता.

सदनिकाधारकांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने इमारतीखालील जमिनीचे हस्तांतरण करून देण्याची जबाबदारी विकासकावर टाकली. ती अनेकांनी पाळली नाही, म्हणून २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. १९७० च्या कायद्याप्रमाणे घोषणापत्र करून प्रत्येकाला अविभक्त हिस्सा देण्याचा दुसरा मार्ग आहे. पण मार्ग कोणताही असो, जमीन पट्ट्याची असेल तर मिळतो तो उरलेल्या पट्ट्यातील हिस्सा. पट्टालेखाची तपासणी म्हणूनच सदनिका घेणाऱ्यालाही टाळता येत नाही.

यावर, पट्टेपद्धतीच मोडीत काढा, अशी मागणी होते. ती पूर्णतः बरोबर नाही. रस्ते, पाणी आणि वस्तीची वाढ यांमुळे जमिनीचे मोल वाढते. त्यात मालकाचे श्रम नसतात. या अनर्जित वृद्धीवर समाजाचा काही हक्क आहे, हे जॉन स्टुअर्ट मिलपासून अनेक अर्थशास्त्रज्ञांनी मांडले आहे. सार्वजनिक जमीन मातीमोलाने खाजगी करणे हा त्या हक्काचा त्याग होय. आक्षेप आहे तो हक्काला नव्हे, त्याच्या अनिश्चिततेला. आकारणी आधी कळली तर ती घराच्या किमतीत सामावते आणि विकणारा ती सोसतो. अवचित कळली तर ती शेवटच्या, बहुधा सर्वांत दुबळ्या, खरेदीदारावर कोसळते. इंग्लंडसारख्या पट्टेपद्धतीच्या माहेरघरातही १९६७ च्या कायद्याने घरांच्या दीर्घमुदतीच्या पट्टेदारांना मालकी विकत घेण्याचा हक्क दिला आणि २०२२ साली नव्या निवासी पट्ट्यांवरील भूभाडे बहुतांशी नाममात्र केले.

महाराष्ट्रातही २०१९ च्या नियमांनी सरकारी पट्ट्यांचे मालकीत रूपांतर करण्याची वाट उघडली आणि २०२४ मध्ये विदर्भातील नझूल जमिनींसाठी विशेष अभय योजना आली. अशी सवलत स्वागतार्ह असली, तरी ती उपाय नव्हे. अभय योजनेचा अर्थच हा की मूळ आकारणी लोकांना पेलत नव्हती. शिवाय ज्याने वेळेवर पैसे भरले तो तोट्यात आणि जो थांबला तो फायद्यात, हा धडा वारंवार दिला गेला तर नियम पाळण्याची प्रवृत्तीच क्षीण होते.

म्हणून तीन गोष्टी कायमच्या व्हाव्यात. प्रत्येक पट्ट्याची उरलेली मुदत, भूभाड्याची थकबाकी आणि शर्तभंगाच्या नोंदी आखीव पत्रिकेबरोबरच कोणालाही पाहता याव्यात. नूतनीकरण व रूपांतर यांचे सूत्र एकदाच ठरवून दीर्घकाळ स्थिर ठेवावे. आणि पट्ट्याच्या जमिनीवरील प्रत्येक विक्रीपत्राच्या पहिल्याच पानावर ‘पट्ट्याची मुदत अमुक तारखेस संपते’ हे वाक्य सक्तीचे करावे. या तिसऱ्या गोष्टीस जवळपास काहीच खर्च नाही. पण तिने अनेक कुटुंबांचे डोळे वेळीच उघडतील.

तोवर घर घेणाऱ्याने मूळ पट्टालेख मागावा आणि विकणारा तो दाखविण्यास कचरत असेल, तर बयाणा खिशातच ठेवावा. घराच्या भिंती तर उघड दिसतातच. आयुष्याची पुंजी ज्यावर टाकायची, तो हक्क कागदात दडलेला असतो.