गार केलं असतं तर?

आमच्याकडे चार माणसं जमली की जेवणं उरकल्यावर एक प्रश्न हमखास निघतो. "काकांना गार केलं असतं तर?" यंदा गौरीजेवणाला पुन्हा निघाला. काकू उठून आत गेल्या. मी तेव्हा गप्प बसलो, आज लिहून टाकतो. घरातली मंडळी इथे डोकावतात हे ठाऊक आहे. रागावलात तरी चालेल.

२०२२ च्या पावसाळ्यात काकांना न्यूमोनिया झाला आणि तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर लागला. डॉक्टर म्हणाले, एआरडीएस. म्हणजे फुफ्फुसांना इतकी सूज येते की वायुकोशांत पाणी भरतं आणि प्राणवायू रक्तात पोचत नाही. काकांचा मुलगा, आमचा दादा, अमेरिकेत. त्याने एक पेपर पाठवला. अशा पेशंटचं शरीर ३२ ते ३५ अंशांपर्यंत थंड करा म्हणे. त्याचा प्रिंटआउट घेऊन मी आयसीयूच्या दारात डॉक्टरांशी भांडलो. ते नाही म्हणाले. अकराव्या दिवशी काका गेले. तेव्हापासून "डॉक्टरांनी करून तरी बघायचं होतं" हे वाक्य घराला चिकटलंय.

मी डॉक्टर नाही, बँकेत खर्डेघाशी करतो. पण तो पेपर नंतर शांतपणे वाचला. १९९३ सालचा. थंड न केलेले सगळे पेशंट दगावले, थंड केलेल्यांपैकी दोन तृतीयांश. दारात भांडताना मी एवढंच वाचलं होतं. एकूण पेशंट किती? १९! एसटीच्या एका गाडीत याहून जास्त माणसं बसतात.

कल्पना मोहात पाडणारी आहे, हे कबूल. शरीर थंड झालं की त्याला प्राणवायू कमी लागतो, मग फुफ्फुसांवरचा भार हलका होतो. पण शरीर मुकाट्याने थंड होत नाही. ते कुडकुडतं, आणि कुडकुडायला उलट जास्त प्राणवायू लागतो. म्हणून गुंगीची, स्नायू लुळे करणारी औषधं आली. त्यात जंतुसंसर्ग आणि हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती.

मग पुढे मोठ्या चाचण्यांत काय दिसलं? सेप्टिक शॉकमध्ये व्हेंटिलेटरवर असलेल्या चारशेहून अधिक पेशंटांवरची 'कास' चाचणी २०१८ मध्ये छापून आली. थंड केलेल्यांत ३० दिवसांत शंभरी ४४ दगावले, न केलेल्यांत ३६. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायद्याची आशा दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवली होती. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना थंड करणं श्रीमंत देशांत रुळलेला उपचार आहे. तोच भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात ४०८ बाळांवर तपासला, २०२१ ची 'हेलिक्स' चाचणी. थंड केलेल्यांत शंभरी ४२ मृत्यू, न केलेल्यांत ३१. आजार वेगळा, पण धडा तोच. "करून बघायला काय जातं?" याचं उत्तर कधीकधी "जीव जातो" असं असतं.

आता जे खरंच उपयोगी ठरलंय ते बघा. २००० साली ८६१ पेशंटांवर सिद्ध झालं की व्हेंटिलेटरने लहान श्वास द्यावेत. मृत्यू शंभरी ४० वरून ३१ वर आले. २०१३ मध्ये दिसलं की गंभीर पेशंटला दिवसाचे सोळा तास पालथं ठेवलं तर मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. यात चमत्कार वाटावा असं काही नाही, ना भारी मशीन. काकांसाठी हे दोन्ही केलं होतं! चार-पाच जण मिळून, नळ्या सांभाळत, त्यांना रोज पालथं करायचे. मी काचेतून बघितलंय. ती गोष्ट जेवणानंतर कुणीच काढत नाही.

थंड करण्यावर संशोधन होऊच नये असं मी म्हणत नाही. अमेरिकेत 'चिल' नावाच्या चाचणीची आखणी झाली, ती ३४ ते ३५ अंश, ४८ तास, अशी नीट मोजूनमापून. असंच व्हायला हवं. आयसीयूच्या दारात, हातात प्रिंटआउट नाचवत नव्हे.

दादा, तू तो पेपर प्रेमापोटी पाठवलास आणि मीही प्रेमापोटीच भांडलो. पण डॉक्टरांचं बरोबर होतं. काकांच्या बाबतीत काही करायचं राहून गेलं नाही. पुढच्या गौरींना हा प्रश्न कुणी काढलाच, तर निदान काकूंसमोर नको.

असो.