सायकल मापानं शिवून मिळेल का?

मंडळी, आज राजकारण नाही. म्हणजे शेवटी थोडं येईलच, पण सुरुवात सायकलीपासून करतो.

गेलं वर्षभर मला एक नाद लागलाय. हातानं बनवलेल्या सायकलींचा. रात्री बातम्या पाठवून झाल्या की मी जगभरातल्या छोट्या छोट्या वर्कशॉपचे व्हिडिओ बघत बसतो. एक माणूस असतो, एक गॅसची बत्ती असते. तो चार नळ्या कापतो, त्यांची तोंडं कानशीनं घासून एकमेकांत नेमकी बसवतो, पितळेचा टाका देतो आणि काही दिवसांनी त्यातून एक फ्रेम उभी राहते. बघताना तास कसा जातो कळत नाही. बायको म्हणते, "अहो, घरातला नळ महिनाभर गळतोय आणि तुम्ही जगाच्या नळ्या बघत बसलाय." मुद्दा बरोबर आहे, मान्य.

पण तुम्ही विचाराल, दुकानातली सायकल आणि ही सायकल यात असा काय फरक? सोपं सांगतो. रेडीमेड शर्ट आणि शिंप्याकडं शिवलेला शर्ट, एवढाच फरक. हा कारागीर आधी माप घेतो. पायाची आतल्या बाजूची लांबी, धड, हात, खांदे. मग विचारतो, वजन किती, जुनं दुखणं काय, रस्ता कसला, मागं ओझं किती. त्यावरून ठरतं की सीटची नळी किती उंच, वरची दांडी किती लांब, हँडल किती वर, चिमटा किती कलता. अर्धा इंच इकडंतिकडं झालं तर गल्लीत फेरी मारताना कळत नाही. रोज वीस किलोमीटर चालवणाऱ्याच्या गुडघ्याला आणि कमरेला मात्र बरोबर कळतं.

माझे वडील कारखान्यात कामाला होते. रोजची ड्यूटी सायकलवर. त्यांची उंची पाच फूट दोन इंच आणि सायकल बावीस इंची, काळी, मोठ्या माणसाची. थांबायचं झालं की पाय जमिनीला पुरायचे नाहीत. म्हणून ते रस्त्याकडेचा दगड नाहीतर एखादा कट्टा बघून तिथंच सायकल थांबवायचे आणि त्यावर पाय टेकून उतरायचे. सगळी नोकरी त्यांनी दगड शोधण्यात काढली. सायकल आपल्या मापाची असू शकते, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नसेल. खरं सांगायचं तर गेल्या वर्षापर्यंत माझ्याही आलं नव्हतं.

आता बाहेर काय चाललंय बघा. अमेरिकेत २००५ पासून हाती बनवलेल्या सायकलींचं मोठं प्रदर्शन भरायला लागलं. ते नंतर बंद पडलं, पण २०२३ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला नवं सुरू झालं. लोक रांगा लावून बघायला जातात. इंग्लंडात डर्बी गावात 'मर्शियन' नावाची छोटी कंपनी १९४६ पासून फ्रेमा बनवते. मे २०२४ मध्ये ती बंद पडल्याची बातमी आली. दुसऱ्या कुणी असतं तर हळहळून गप्प बसलं असतं. तिथं सायकलप्रेमी स्थानिक उद्योजक पुढं आले आणि त्यांनी ती विकत घेऊन पुन्हा चालू केली. आपल्या गावात जुना धंदा बंद पडला तर आपण काय करतो? जुने फोटो टाकतो आणि खाली 'सोनेरी दिवस' लिहितो.

सगळ्यात शिकण्यासारखं आहे जपानचं. तिथं 'किरीन' नावाची सायकल शर्यत १९४८ पासून चालते. लोक अधिकृतपणे पैसे लावतात. पुरुषांच्या या शर्यतीत नियम असा की फ्रेम पोलादीच पाहिजे आणि मान्यता मिळालेल्या कारागिरानंच बनवलेली पाहिजे. जगात कार्बन फायबर आलं, तरी हा नियम टिकला. परिणाम काय झाला? दोन-चार माणसांच्या छोट्या वर्कशॉपना कायमचं गिऱ्हाईक मिळालं. नागासावा योशिआकी हा त्यातलाच एक, इटलीत काम शिकून आलेला. त्याच्या सायकलींवर कोइची नाकानो १९७७ ते १९८६ असा सलग दहा वेळा जगज्जेता झाला. कारागिरी कौतुकानं जगत नाही मंडळी, ऑर्डरीनं जगते. आणि ती ऑर्डर तिथं एका नियमानं आणून दिली.

हे सगळं परदेशी कौतुक वाटत असेल तर जरा आपल्या दारात या. पलूसहून किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर. ज्यांच्या नावानं ती वाडी आहे, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली भावासोबत बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, लोकांना चालवायलाही शिकवायचं. लोखंडी नांगर नंतर आला, वाडी तर १९१० मध्ये. तिकडं अमेरिकेत विमान उडवणारे राइट बंधूही सायकलवालेच, स्वतःच्या नावानं सायकली बनवून विकणारे. म्हणजे सायकलच्या दुकानातून काय काय निघू शकतं याचा दाखला आपल्या तालुक्यातच उभा आहे. आपण त्याच्या समोरून रोज जातो.

पुण्यातही नव्यानं हे काम सुरू आहे. हवाई दलातून निवृत्त झालेले शशिशेखर पाठक बांबूच्या सायकली बनवतात, 'बांबूची' नावानं. 'सायनाइड' ही पुण्याचीच कंपनी डोंगरात चालवायच्या सायकलींच्या फ्रेमा करते. गाव मोठं, गिऱ्हाईक पैसेवालं, त्यामुळं तिथं जमतं असं कुणी म्हणेल. म्हणून आता गावातली गोष्ट सांगतो.

आमच्याकडं एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. गेट, ग्रिल, ट्रॉलीचं वेल्डिंग हा धंदा. पण मूळचा माणूस सायकलचा. रिमचा आउट काढायचा तर नजरेनं काढणार. गल्लीतल्या एका पोराचे दोन्ही पाय अधू आहेत, उजवा हातही कमजोर. त्याला एका योजनेतून तीनचाकी मिळाली. फोटो निघाला, पेपरात आला. (तो फोटो मीच छापून आणला, हे लपवत नाही.) त्या तीनचाकीचं फिरवायचं हँडल नेमकं उजव्या बाजूला. वर गाडी इतकी रुंद की त्याच्या घराच्या बोळात शिरेना. दोन पावसाळे ती बाहेर गंजत पडली.

शेवटी आप्पांनी सुतळी घेऊन माप घेतलं. आधी पोराचं, मग बोळाचं, मग तो जिथं बसून मोबाइल दुरुस्त करतो त्या दुकानाच्या उंबऱ्याचं. हँडल डावीकडं घेतलं, मागची चाकं जवळ आणली, सीट खाली केली म्हणजे गाडी कलंडायची नाही. पैसे हप्त्यानं घेतले. आज तो पोरगा कुणाला हाक न मारता दुकानात जातो आणि येतो. मी पोर्टलंडच्या प्रदर्शनातल्या सायकली मोबाइलवर पुष्कळ पाहिल्या. पण आप्पांच्या त्या तीनचाकीपेक्षा भारी सायकल अजून पाहिलेली नाही.

मी उत्साहानं एका कार्यालयात जाऊन विचारलं की पुढच्या वेळी असं काम स्थानिक कारागिराला देता येईल का. समोरून प्रश्न आला, "कंपनीचं नाव काय? मॉडेल नंबर काय?" मी म्हटलं, मॉडेल तो पोरगाच आहे. साहेब हसले. विषय संपला.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्रकार वाहवत गेला. लुधियानाच्या कारखान्यांनी सायकल स्वस्त केली म्हणून ती गरिबाच्या दारात आली. माझ्या वडिलांची सायकलही त्यातलीच, ती नसती तर ते चालत गेले असते. हाती बनवलेली सायकल महाग पडते, वेळ घेते आणि सगळ्यांना लागतही नाही. शिवाय टाका कच्चा राहिला आणि चालत्या गाडीचा चिमटा तुटला तर दात जातात, जीवही जातो. कारखान्यात तपासणी असते, आप्पांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नसते. हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यावर उपाय तपासणीची सोय करणं हा आहे. कारागीरच बाद करून टाकला तर ज्याला मापाची गरज आहे त्यानं जायचं कुठं? तसे मोठे कारखानेही अमर नसतात. 'ॲटलस'चा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनी.

म्हणून आता ते थोडंसं राजकारण. माझ्या तीन मागण्या आहेत.

एक. केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. त्यात १८ धंदे आहेत. लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, होडी बनवणारा आहे, शिंपी आहे. अवजारांसाठी १५ हजार आणि स्वस्त व्याजानं टप्प्याटप्प्यानं ३ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पण सायकल बनवणारा यादीत नाही. आपल्या खासदारांनी एवढा एक शब्द यादीत घालून आणावा. भाषणात किर्लोस्करांचं नाव घ्यायला तेवढंच निमित्तही मिळेल.

दोन. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ पासून इंजिनिअर घडवतंय. धातूवर ताण देऊन तपासायची यंत्रं कॉलेजात असतात. छोट्या कारागिराची फ्रेम तिथं माफक फीमध्ये तपासून कागद मिळावा. पोरांना प्रोजेक्ट मिळेल, आप्पांना भरवसा, गिऱ्हाइकाला सुरक्षा.

तीन. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. फार चांगली योजना. आठवीतली मुलगी आणि बारावीतली मुलगी यांच्या उंचीत किती फरक असतो, हे घरात मुली असणाऱ्यांना सांगायला नको. निदान शाळेत उंचीचं माप घ्या आणि मग सायकल ठरवा. अपंगांच्या तीनचाकीला तर मापाशिवाय मंजुरीच देऊ नका, आणि मापानं बदल करून देणाऱ्या स्थानिक मिस्त्रीचं बिल धरा. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, चांगलं झालं. पण ज्याचं बिलच कुणी धरत नाही, त्या माणसाला त्याचा काय उपयोग?

आणि आपण काय करायचं? तुमच्या गावात असा हात असलेला माणूस असेल तर खाली लिहा. फोन नंबर नको, गाव आणि काम लिहा. यादी झाली की मी ती घेऊन जिथं जायचं तिथं जाईन, पुन्हा हसले तरी चालेल.

शेवटचं सांगतो. परवा मी आप्पांना माझ्या सायकलची ऑर्डर दिली. त्यांनी सुतळी काढली, भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि विचारलं, "काय पत्रकार, सागरेश्वरचा चढ चढायचा का नुसतं चहाला जायचं?" म्हटलं, चढ चढायचाय. म्हणाले, "बघा, दोनचाकी फ्रेम लई वर्षांनी करतोय. घाई करायची नाही. आधी मी चालवणार, मग तुम्ही." कबूल केलं. रंग कुठला, गिअर किती, सगळं त्यांच्यावर सोडलंय.

माझी अट एकच घातलीय. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत. दगड शोधायला लागायचा नाही.