नवरदेवाची जीप आणि खालचा सांगाडा

गेल्या लग्नसराईत मिरजगाव रस्त्यावर एका वरातीत नवरदेवाची जीप बघितली. काळाभोर चकचकीत रंग, रुंद टायर, बंपरवर सहा दिवे, काचेवर कुठल्यातरी दादांचं नाव. फोटो मीही काढला, खोटं कशाला बोलू. पण गाडी स्पीडब्रेकरवरून उतरली तेव्हा तिचं तोंड एकीकडे आणि मागचा भाग दुसरीकडे चाललेला दिसला. खेकडा चालतो तसा. खालची चेसी वाकलेली असली की गाडी अशी चालते. आणि मागे पाच-सहा करवल्या बसलेल्या.

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. कारण गेलं वर्षभर मी स्वतः आमच्या अण्णांच्या जीपखाली झोपतोय.

अण्णांची जीप म्हणजे महिंद्राची सीजे-३बी, १९७४ ची. कर्जत-राशीन-भिगवण अशी चालायची. कागदावर खासगी आणि रस्त्यावर वडाप. त्या काळी अर्धा तालुका असाच प्रवास करायचा, त्यामुळे उगाच सोवळं नेसत नाही. पहाटे भिगवण स्टेशनवरून पेपरचे गठ्ठे आणायचीही हीच. पत्रकारितेचा डिप्लोमा मी नंतर केला, पेपरचा वास आधी हिच्यातच घेतला. पेट्रोल परवडेना म्हणून अण्णांनी डिझेल इंजिन बसवलं, आरसीवर नोंद करून. अण्णा गेले आणि जीप वस्तीवर लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. भंगारवाला दोनदा येऊन गेला, किलोचा भाव सांगून. धाकटा भाऊ म्हणाला, देऊन टाक दादा, जागा तरी मोकळी होईल. माझं मन होईना.

पहिली चूक मीच केली. बाहेरगावच्या एका गॅरेजला गाडी दिली. गंजलेल्या चेसीवर त्यांनी लोखंडी अँगल ठोकून वेल्डिंग मारलं, वरून काळा रंग फासला आणि अठरा हजार घेतले. तीन महिन्यांत वेल्डिंगच्या कडेलाच नवी चीर. मग आपल्या गावातल्या मिस्त्रींकडे आलो. वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी रंगावर नख मारलं आणि म्हणाले, "पत्रकार, तोंडाला पावडर नंतर लावू. आधी हिची हाडं मोजू."

हाडं मोजणं म्हणजे काय, ते ऐका. या जीपची चेसी शिडीसारखी असते. दोन लांब गर्डर, मध्ये आडव्या पट्ट्या. बॉडी, इंजिन, पाटे, सगळं तिच्यावर लटकलेलं. मिस्त्रींनी गाडी सपाट फरशीवर स्टँडवर घेतली आणि गवंड्याचा ओळंबा आणला. दोन्ही गर्डरच्या सारख्या ठिकाणांवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खूण करायची. सगळ्या खुणा झाल्या की गाडी ढकलून बाजूला काढायची आणि फरशीवर कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तर चेसी सरळ. आमचा फरक निघाला पाऊण इंच. आठवीच्या भूमितीतला आयत मला पंचेचाळिसाव्या वर्षी गॅरेजात कळला.

मग हातोडी. गर्डरवर टकटक करत जायचं. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, आतून खाल्लेल्याचा मडक्यासारखा बद्द. मागच्या पाट्याचं शॅकल जिथं लटकतं तिथं चिखल साठतो, ओल धरते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून दिसेपर्यंत निम्मं लोखंड गेलेलं असतं. तिथं मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

तेवढा भाग कापला. त्याच जाडीचा नवा तुकडा बसवला, पण सरळ आडवा सांधा मारला नाही. टोकं माशाच्या तोंडासारखी तिरकी कापली, म्हणजे सगळा ताण एका रेषेवर येत नाही. अँगलच्या कडेला चीर का पडली, ते मला तेव्हा समजलं. ढिले झालेले जुने रिव्हेट काढून तिथं घट्ट बसणारे बोल्ट घातले. चेसी नंबर कोरलेल्या भागाला मात्र हात लावला नाही. तो कापला की गाडी कायद्याच्या नजरेत अनाथ.

पाट्यांचं काम याहून नाजूक. चारही चाकांवर पाटे आहेत. ड्रायव्हरकडचे जास्त बसलेले, त्यामुळे जीप कायम एका अंगावर. अण्णा बसले की ती कलायची, आम्हाला वाटायचं अण्णांचंच वजन. पाटे सोडून एकेक साफ केला. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ दोन तडकलेले निघाले. तडकलेल्या पाट्याला वेल्डिंग चालत नाही, तो बदलायचाच. बाकीच्यांना भट्टीत तापवून बाक दिला, तेलात पाणी दिलं, पुन्हा थोडं तापवून कडकपणा उतरवला. हे शेवटचं केलं नाही तर पाटा काचेसारखा तुटतो. आता सोलापूर रस्त्यावर पाटेवाले आहेत, पण बहुतेक थंड पाटा घणाने ठोकून देतात. चार महिन्यांत पुन्हा बसतो. भट्टीचा अंदाज डोळ्याला असलेला माणूस मला एकच भेटला, आणि त्याच्या हाताखाली पोरगं नाही.

(शॅकलचं पार्सल कुठं गेलं असेल? रायगडच्या कर्जतला! ४१४४०२ लिहूनसुद्धा. आपल्या कर्जतकरांच्या नशिबी हे आहेच. बावीस दिवस लागले.)

आता मुद्द्याचं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, खासगी वापराची हवी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' अक्षरं. चांगलं केलं, मी स्वागतच करतो. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. शिवाय ती रोज रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन, एवढ्यापुरतीच. मुंबई-पुण्याच्या बंगल्यातल्या गाड्यांना हे ठीक आहे. आमच्याकडच्या निम्म्या जीपांत पोटापाण्यासाठी डिझेल इंजिन बसलेलं. त्या वयाने म्हाताऱ्या, पण कागदावर वारसा नाहीत. आणि शेतकऱ्याला ती आठवडी बाजाराला न्यायची असते, शोकेसमध्ये ठेवायची नसते.

मग उरतो साधा रस्ता, नोंदणी नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या चारचाकीला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी १०,००० रुपये. फी घ्या हो, माझी तक्रार फीबद्दल नाही. माझ्या जीपची तपासणी झाली तेव्हा चेसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली गेली. नंबर बघितला, चेसीखाली कुणी वाकलं नाही. अँगलवाल्या वेल्डिंगसकट ती पास झाली असती, आणि मला वाईट त्याचंच वाटलं. ओळंबा, खडू आणि दोन कर्ण, अर्ध्या तासाचं काम आहे. एवढी जुनी गाडी पास करताना हे सक्तीचं करायला काय हरकत आहे? यात माझ्यासारख्या चार जणांच्या गाड्या नापास होतील. होऊ द्या.

काही मित्र म्हणतील, जुनाट गाड्या कशाला हव्यात, भंगारात घाला. ज्यांच्या चेसीत राम नाही त्या घालाच. पण भंगार ठरवायचं वर्ष बघून की लोखंड बघून? मिस्त्रींच्याच गॅरेजात बारा वर्षांची एक गाडी उभी आहे, तिची चेसी आमच्यापेक्षा वाईट. उसाच्या फडातून ओव्हरलोड काढून तिची वाट लावलीय.

आणि गंमत बघा. आपल्या जिल्ह्यात संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, आहे. नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती गाडी उभी आहे, लोक तिकीट काढून बघतात. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावरच धावली. गाड्यांचा एवढा वारसा असलेल्या जिल्ह्यात पाट्याला पाणी द्यायला शिकवणारं कुणी नसावं? आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्यातल्या पोरांना महिना-दोन महिने अशा मिस्त्रींकडे पाठवा, मिस्त्रींना मानधन द्या. आपल्या लोकप्रतिनिधींना मी हे तोंडी सांगितलंय. "बघू" म्हणालेत. आता लेखी देतोय, ही पोस्ट त्याचीच प्रत समजा.

आमची जीप सध्या बिनबॉडीची, लाल ऑक्साइड मारलेल्या चेसीवर चार चाकं, अशी उभी आहे. परवा पुन्हा कर्ण मोजले. फरक एक सूत. मिस्त्री म्हणाले, "एवढा तर कंपनीतनंसुद्धा येतो."

रंग कुठला द्यायचा ते ठरलेलं नाही, भाऊ लाल म्हणतोय. त्याआधी दोन कामं आहेत. पुढच्या डाव्या बाजूचा मूळ मेन पाटा कुणाच्या गोठ्यात, माळ्यावर पडला असेल तर कळवा, योग्य पैसे देईन. आणि कुणाच्या पोराला हे काम शिकायचं असेल तर मला मेसेज करा. मिस्त्री संध्याकाळी सहानंतर शिकवायला तयार आहेत. पगार मात्र पहिले सहा महिने चहा-नाश्ताच, हे आधीच सांगतो.