माझ्या फटफटीची ओळख

विद्यार्थिमित्रहो, मनुष्य आपल्या दृष्टीविषयी शंका घेतो आणि चष्मा लावतो. आपल्या श्रवणाविषयी शंका घेतो आणि "पुन्हा सांगा" म्हणतो. परंतु आपल्या स्मरणाविषयी कोणी शंका घेतली, की त्याला तो आपला अपमान वाटतो. "मला चांगले आठवते" एवढे म्हटले म्हणजे वाद मिटला, असे आपण समजतो. विशेषतः आमच्यासारखी वयोवृद्ध माणसे तर हे वाक्य न्यायाधीशाच्या निकालाप्रमाणे उच्चारतात. माझे मत असे आहे, की वाद तेथे मिटत नाही. खरा शोध तेथूनच सुरू व्हावयास पाहिजे. हे मत मला कोणा तत्त्ववेत्त्याने शिकविलेले नाही. अर्धशतकापूर्वी विकून टाकलेल्या एका फटफटीने ते मला शिकविले आणि तेही वयाच्या अशा काळी, की जेव्हा मनुष्य शिकण्यापेक्षा शिकविण्यासच अधिक उत्सुक असतो.

माझा नातू नववीत शिकतो. इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गातील मुलांना सांगितले, की घरातील एखाद्या जुन्या वस्तूचा इतिहास लिहून आणा; मात्र प्रत्येक विधानासमोर ते कशावरून कळले, हेही लिहा. कोणी पानाचा डबा निवडला, कोणी घड्याळ. आमच्या चिरंजीवांनी निवडली माझी तारुण्यातील मोटारसायकल. ती घरात नाही, गावात नाही, कदाचित आता ह्या जगातही नाही. पण तिच्या कथा तो लहानपणापासून ऐकत आला होता.

तो वही घेऊन बसला आणि मी एका दमात सांगून मोकळा झालो. १९६८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मी एका औषध-कंपनीचा फिरता प्रतिनिधी झालो. सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर हा माझा मुलूख. पसरणीचा घाट पावसात चढावयाचा, तर वाहन पाहिजेच. म्हणून मी जुनी जावा गाडी घेतली. ती चेकोस्लोव्हाकियात बनलेली आणि बोटीने मुंबईस उतरलेली होती. तिचा रंग गडद तांबडा होता. तिच्या टाकीवर 'येझदी' ही अक्षरे झळकत होती. आणि ती मी सर्वस्वी स्वतःच्या कमाईतून घेतली होती. मुलाने सारे उतरून घेतले. मग उजव्या बाजूस 'कशावरून?' असा रकाना आखला आणि त्यात एकाखाली एक पाच वेळा लिहिले: 'आजोबा म्हणतात.'

मला थोडा राग आला. तो नम्रपणे म्हणाला, "आजोबा, विधाने पाच आणि साक्षीदार एकच. सर म्हणतील, हे चालणार नाही."

त्याच आठवड्यात माझे पहिले विधान पडले. जावा गाड्यांचा आपल्या देशातील कारखाना म्हैसूर येथे होता. 'आयडियल जावा' हे त्याचे नाव. १९६१ साली तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. आरंभी त्या गाड्यांवर 'जावा' हेच नाव असे. 'येझदी' हे नाव १९७३ साली आले. मी माझी गाडी विकली १९७१ साली! जे नाव जन्मासच आले नव्हते, ते माझ्या टाकीवर मला इतकी वर्षे स्पष्ट दिसत होते. शिवाय येझदी ही म्हैसूरची. तेव्हा गाडी येझदी आणि ती चेकोस्लोव्हाकियाची, ही दोन्ही विधाने एकत्र खरी असणे शक्यच नव्हते. तरीही मी ती वर्षानुवर्षे एकाच श्वासात सांगत आलो होतो आणि ऐकणारेही मान डोलावीत आले होते.

हे घडले कसे? पुढे आमच्या शेजाऱ्यांकडे येझदी होती. ती आमच्याच फाटकाशी उभी असे. माझ्या मनाने तिच्या टाकीवरील नाव उचलून माझ्या गाडीवर बसविले असले पाहिजे. ह्यात नवल नाही. केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की आठवण म्हणजे पेटीत जपून ठेवलेले चित्र नव्हे. मनुष्य प्रत्येक वेळी ती नव्याने रचीत असतो आणि रचताना आपल्या समजुतीस सोयीचे तेवढे बदल नकळत करीत असतो. मी खोटे बोलत नव्हतो; तथापि मी सांगत होतो ते खरेही नव्हते. ह्या दोहोंच्या मध्ये पुष्कळ मोठा प्रदेश आहे आणि त्यातच आपल्यापैकी बहुतेकांचे घरगुती इतिहास नांदत असतात.

आता गाडी जावा तरी होती काय, हे सिद्ध करणे भाग पडले. १९६९ साली आमच्या चुलतबहिणीच्या लग्नात काढलेले एक छायाचित्र सापडले. वऱ्हाडाच्या कडेस मागून अर्धवट दिसणारी एक मोटारसायकल त्यात आहे. तिच्या दोन्ही बाजूंस एकेक सायलेन्सर दिसतो. जावा गाडीस सिलिंडर एकच. पण त्यातून धूर बाहेर पडण्यास दोन वाटा असत. पाटीवरील शेवटचे आकडेही वाचता येतात. ते काय उपयोगी पडले, ते पुढे येईलच.

दुसरी साक्ष माझ्या थोरल्या बहिणीची. आक्काचे वय आज पंच्याऐंशी आहे. तिने आयुष्यभर शाळेत शिकविले. मोटारसायकलीस मात्र तिने कधी हात लावला नाही. म्हणून तिला विचारावे, असे मला सुचलेच नव्हते. मुलास सुचले. त्याने विचारले, "आत्याआजी, आजोबांची गाडी कोणती होती?" ती म्हणाली, "नाव मला काय ठाऊक! पण ह्याच्या डाव्याच बुटाचे नाक दर दोन महिन्यांनी झिजे आणि चांभाराकडे मलाच जावे लागे. शिवाय पेट्रोलात तेल मिसळायला म्हणून माझे पितळेचे चिपटे नेले ते ह्याने अजून परत दिलेले नाही."

वाचकहो, जिला गाडीचे नाव ठाऊक नाही, तिने गाडीची ओळख मात्र नेमकी पटविली. जावा गाडीत किक मारणे आणि गिअर बदलणे ही दोन्ही कामे डाव्या अंगाचा एकच दांडा करी. तो आत दाबून वर फिरविला म्हणजे किक होई आणि पुन्हा पुढे आणला म्हणजे त्याचाच गिअर होई. साहजिकच झिजे तो डावा बूट. त्या काळच्या बुलेट गाडीचा गिअर उजव्या पायाशी असे. ती असती तर उजवा बूट झिजला असता. तसेच पेट्रोलात तेल मिसळावे लागे ते दोन-स्ट्रोक इंजिनात. कारण त्या इंजिनाच्या तळाशी तेलाचा स्वतंत्र साठा नसतो, इंधनाबरोबर येणारे तेलच त्याचे भाग ओले ठेवते. बुलेटचे इंजिन चार-स्ट्रोक असल्यामुळे तिला तसे करावे लागत नसे. एक झिजलेला बूट आणि एक हरवलेले चिपटे! माझ्या साऱ्या वर्णनापेक्षा ह्या दोन वस्तूंनी अधिक सांगितले.

तिसरी साक्ष कागदाची. जुने कागद आक्काच्या पत्र्याच्या ट्रंकेत असतात. त्यांत १९६८ च्या जून महिन्यातला, गाडीच्या विम्याचा कागद निघाला. त्यावरील नोंदणी-क्रमांकाचे शेवटचे आकडे आणि छायाचित्रातील पाटीवरचे आकडे तंतोतंत जुळले. तेव्हा छायाचित्रातील गाडी तीच, ह्याविषयी शंका उरली नाही. कागदावर सांगाड्याचा क्रमांक होता, इंजिनाचा क्रमांक होता, बनावटीचे वर्ष १९६४ असे होते आणि कर्त्याच्या रकान्यात स्वच्छ लिहिले होते: 'आयडियल जावा, म्हैसूर'. परदेशी वाहनांच्या आयातीवर त्या काळी कडक निर्बंध होते, हे मला ठाऊक असूनही मी विकणाऱ्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला; कारण तो विश्वास मला सुखावीत होता. 'जावा' हे नाव तेवढे खरोखर चेकोस्लोव्हाकियाचे. फ्रान्तिशेक यानेचेक ह्या कारखानदाराने १९२९ साली वान्डरर ह्या जर्मन कंपनीच्या गाडीचे हक्क घेऊन काम आरंभिले आणि दोन्ही नावांच्या आद्याक्षरांपासून हा शब्द बनविला. चेक लोक तो 'यावा' असा उच्चारतात. माझी गाडी मात्र शेजारच्या राज्यातील कामगारांनी बनविलेली होती आणि त्यात लाज वाटण्याजोगे काहीही नव्हते.

येथवर हा विनोदाचा विषय होता. ह्यापुढे तो राहिला नाही.

विम्याच्या कागदाखालीच आक्काचे पोस्टाच्या बचत-खात्याचे पुस्तक होते. त्याच जून महिन्यात, विम्याच्या तारखेच्या दोन दिवस अगोदर, अकराशे रुपये काढल्याची नोंद त्यात होती आणि मागे शिल्लक चौदा रुपये. वडिलांच्या जमाखर्चाच्या वहीत त्याच आठवड्यात 'गाडीस सहाशे' असे लिहिलेले सापडले. गाडीची किंमत होती अठराशे. मुलाने बेरीज केली आणि वर पाहिले. मला नोकरीस लागून तीन महिने झाले होते, पगार दोनशे. गाडीत माझे स्वतःचे असे रुपये होते फक्त शंभर.

आक्का तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. बी. एड्. करण्यासाठी ती पैसे साठवीत होती. ती पदवी तिने दोन वर्षे उशिरा घेतली, एवढे मला आठवत होते. पण तो उशीर तिच्या मर्जीचा होता, असे मी माझ्यापुरते ठरवून टाकले होते. मी तिला विचारले, "आक्का, मी सगळ्यांना 'स्वकष्टार्जित' म्हणून सांगत होतो आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस. एकदाही का बोलली नाहीस?" ती म्हणाली, "अरे, तू इतक्या आनंदाने सांगायचास. आणि मला कोणी विचारले होते?"

ते अकराशे रुपये मी पुढे परत केले किंवा कसे, ह्याचा कोठेही कागद नाही. आक्का म्हणते, "केले असशील." ही तिची दया आहे, तो पुरावा नव्हे.

काही पालक विचारतील, की वृद्धांच्या गोड आठवणींची अशी उलटतपासणी कशासाठी? गाडी म्हैसूरची म्हटली काय आणि प्रागची म्हटली काय, कोणाचे काय बिघडते? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. प्रेमाने सांगितलेल्या गोष्टीत शब्दाशब्दाला 'कशावरून?' विचारणारे मूल उद्धट दिसण्याचा संभव आहे, आणि घर म्हणजे कचेरी नव्हे. पण माझा अनुभव असा, की आपल्या आठवणींतील चुका सहसा आपल्याच बाजूने झुकलेल्या असतात. माझ्या पाच विधानांपैकी एकाही विधानाने मला होतो त्यापेक्षा लहान केले नव्हते. गाडी अधिक दुर्मिळ झाली, मी अधिक कर्तबगार झालो. आणि जेथे एकाची मोठी आकृती उभी राहते, तेथे तिच्यामागे दुसरे कोणी तरी झाकले जाते. आमच्या घरी आक्का झाकली गेली. गोड आठवणीची किंमत कोणी दिली, हे पाहिल्यावाचून ती निरुपद्रवी आहे असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

२०१८ साली जावा हे नाव नव्या मालकांनी पुन्हा बाजारात आणले. तेव्हापासून तशी गाडी रस्त्यात उभी दिसली, की माझ्या वयाचे गृहस्थ थांबतात आणि "आमच्याकडे होती" म्हणून बोलू लागतात. त्यांनी अवश्य बोलावे. पण घरी गेल्यावर जुना विमा, कराची पावती, लग्नातले छायाचित्र शोधावे. सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक मिळाल्यास लिहून ठेवावा. आणि मुख्य म्हणजे, त्या वेळी घरात जे जे होते त्या सर्वांना विचारावे. गाडीवर बसणाऱ्याला वेग आठवतो, वारा आठवतो. बूट कोणी दुरुस्त करून आणला, हे दुसऱ्यालाच आठवत असते.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याही घरी अशी माणसे आहेत, ज्यांना कोणी विचारलेले नाही. त्यांच्याजवळ बसा, आदराने विचारा आणि ऐकलेले त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पालकांना माझी विनंती अशी, की मुलाने 'कशावरून?' विचारले तर रागावू नये. आणि पुरावा आपल्याविरुद्ध निघाला, तर ज्या मोठ्या आवाजात पहिली गोष्ट सांगितली, त्याच आवाजात दुसरीही सांगावी. माझी पहिली गोष्ट सर्व आप्तेष्टांनी ऐकलेली आहे. म्हणून ही दुसरी छापून प्रसिद्ध करीत आहे.

माझ्या नातवाची वही आता पूर्ण झाली आहे. बनावटीसमोर विम्याचा कागद, सायलेन्सरसमोर छायाचित्र, गिअरसमोर डावा बूट आणि किमतीसमोर आक्काचे पुस्तक, असे त्याने लिहिले आहे. तांबड्या रंगासमोर मात्र अजून 'आजोबा म्हणतात' एवढेच आहे; छायाचित्र काळेपांढरे आहे. मी ते विधान खोडावयास लावले नाही. त्यापुढे माझ्याच हाताने 'बहुधा' हा शब्द लिहिला आहे.

आणि गेल्या रविवारी बाजारातून एक पितळेचे चिपटे आणून आक्काच्या हाती दिले. तिने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "हे ते नव्हे." तिचे म्हणणे खरे होते.