गळती टेपमध्ये नाही, कॉम्प्युटरमध्ये आहे

"कॅसेट जुनी झालीय हो, आता एवढंच निघणार." घरातली व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून आणायला गेलेल्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकलं असेल. चित्र अडखळतं, मंगलाष्टकं एकीकडे आणि भटजींचे ओठ भलतीकडे, आणि दुकानदार सगळं पाप त्या बिचाऱ्या टेपच्या माथी मारून मोकळा. माझं म्हणणं असं की बऱ्याचदा हे पाप टेपचं नसतंच. ते कॅप्चर करणाऱ्या कॉम्प्युटरचं आणि त्याच्यासमोर बसलेल्याच्या 'चालतंय की' वृत्तीचं असतं.

आधी थोडं गणित. (कंटाळा असेल तर हा परिच्छेद सोडा, पण मग दुकानदाराशी भांडायला जाऊ नका :) )

आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम्स. तीन तासांच्या कॅसेटमध्ये २,७०,००० फ्रेम्स. सेकंदाला एकच फ्रेम गळली तरी १०,८०० फ्रेम्स गेल्या, म्हणजे ७ मिनिटं १२ सेकंदांचं चित्र. आवाज मात्र पूर्ण येतो, म्हणून ओठ आणि शब्द यांची फारकत होते. आता दुसरी बाजू: ७२० बाय ५७६ चं चित्र न दाबता साठवायचं तर सेकंदाला साधारण २०.७ एमबी, तासाला जवळजवळ ७५ जीबी डिस्कवर लिहावं लागतं. नेटवरून फाइल उतरवताना एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवता येतं. व्हीसीआरला "काय म्हणालास, परत सांग" असं म्हणायची सोय नाही. त्या क्षणी अँटिव्हायरस जागा झाला, विंडोज अपडेट सुरू झालं, किंवा कॅप्चरची कांडी आणि बाहेरची हार्ड डिस्क एकाच यूएसबी हबवर लटकवली असेल, तर फ्रेम गेली ती गेली.

मग दोष कुणाचा हे कसं ओळखायचं? अगदी सोपं आहे. पाच मिनिटांचा तोच तुकडा दोनदा कॅप्चर करा. दोन्ही वेळा त्याच जागी फ्रेम गळली तर टेपवर किंवा तिच्या सिग्नलवर संशय घ्या. दर वेळी वेगळ्या जागी गळली तर दोष कॉम्प्युटरचा. पहिल्या प्रकारात टाइम बेस करेक्टर लावावा: ताणलेल्या टेपमधून सिग्नल डळमळीत वेळेने येतो, कार्ड गोंधळतं, आणि हे यंत्र ती वेळ सावरतं. दुसऱ्या प्रकारात वेगळी डिस्क, नेट बंद, आणि कॅप्चर होतानाच एच.२६४ मध्ये दाबण्याऐवजी हफवाययूव्हीसारखा हलका, काही न गमावणारा कोडेक. व्हर्च्युअलडब गळलेल्या आणि भर घातलेल्या फ्रेम्सचा आकडा समोरच दाखवतं. दोन्ही आकडे बघायचे, कारण गळती झाकायला आधीचीच फ्रेम पुन्हा चिकटवली जाते. पाच मिनिटांची चाचणी, पण तेवढीही करायची नाही?

आमच्या अंबडचं उदाहरण देतो. आत्याच्या लग्नाची १९९६ ची कॅसेट. मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला निघालेलं वऱ्हाड, आणि दारात पाहुण्यांना "या, या" म्हणणारे आजोबा. मी शाळेत जायच्या आधीच ते गेले. त्यांचा आवाज असलेली घरातली ही एकमेव वस्तू. एका दुकानातून पेन ड्राइव्ह आला, त्यात आजोबा कळसूत्री बाहुलीसारखे चालतात. वर सल्ला: "टेप गेलीय, ठेवून काय करणार?" आईने कॅसेट रद्दीच्या पिशवीत टाकलीच होती. ती मी पुण्याला आणली आणि दोनदा कॅप्चर केली. दुकानाच्या फाइलमध्ये जिथे जिथे धक्के होते, तिथे एक जागा सोडता सगळ्या फ्रेम्स टेपवर शाबूत होत्या. त्या एका जागी टेपला खरोखर सुरकुती आहे, तिथे मी हात टेकले. बाकीचे आजोबा सरळ चालतात.

मला राग याचाच आहे. वाईट कॅप्चर परत करता येतं, पण "टेप खराब" या निकालानंतर लोक कॅसेटच फेकून देतात. म्हणजे नापास झाला पेपर तपासणारा, आणि शाळेतून काढलं मुलाला!

"जाऊ दे ना, हल्ली एआय सगळं नीट करतं" असंही कुणी म्हणेल. एआय गळलेली फ्रेम परत आणत नाही, तिच्या जागी अंदाज बसवतं. सिनेमाला चालेल. आजोबांच्या चेहऱ्यावर मला अंदाज नको.

आणि वेळ फार नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. युनेस्कोने २०१९ मध्ये चुंबकीय टेपबद्दल जो इशारा दिला, त्यात २०२५ च्या आसपासचीच मुदत होती. कॅसेटी आहेत, पण त्या वाचणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चाललेत.

तेव्हा मंडळी, दिवसभर दुसऱ्यांच्या सर्व्हरचे लॉग तपासता, एकदा घरच्या कॅसेटचाही तपासा. दुकानदाराला विचारा: किती फ्रेम्स गळल्या? आकडा सांगता आला नाही तर कॅसेट उचला आणि दुसरं दुकान गाठा. आणि फाइल कितीही छान आली तरी मूळ कॅसेट टाकू नका. उभी ठेवा, कोरड्या जागी, पत्र्याखालच्या माळ्यावर नाही. अंबडचा मे महिना माणसांना सोसत नाही, टेपला काय सोसणार?