आठ ताऱ्यांचे निशाण

निशाण म्हणजे काठीला बांधलेला कापडाचा तुकडा, एवढेच डोळ्यांना दिसते. परंतु त्या कापडावर एक समाज आपली ओळख सांगत असतो. आपण कोण आहोत, आपल्याला कशाचा अभिमान वाटतो आणि पुढे कोठे जावयाचे आहे, हे तो थोड्याशा रेषांत व रंगांत मांडतो. म्हणूनच निशाण ठरविणे हे राज्यकर्त्यांचे, सेनापतींचे व मुत्सद्द्यांचे काम, अशी सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेतील अलास्का या राज्याची हकीकत ऐकली म्हणजे ही समजूत बदलावी लागते.

अलास्का हा उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाचा थंड प्रदेश. पूर्वी तो रशियाच्या ताब्यात होता. १८६७ साली अमेरिकेने तो ७२ लाख डॉलरांना विकत घेतला. एकरामागे सुमारे दोन सेंट एवढीच ती किंमत! तरीही हा व्यवहार घडवून आणणारे मंत्री सीवर्ड यांची काहींनी थट्टा केली. बर्फ विकत घेऊन काय मिळविले, असे ते विचारीत. पुढे तेथे सोने सापडले, आणखी पुढे तेल सापडले, आणि थट्टा आपोआप थांबली. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्या भूमीवर हजारो वर्षे नांदत आलेल्या त्लिंगित, अल्यूत, इन्युपियाक इत्यादी लोकांना या खरेदीच्या वेळी कोणी एका शब्दानेही विचारले नव्हते.

साठ वर्षे या प्रदेशाला स्वतःचे निशाण नव्हते. १९२६ साली ते तयार करण्याचे ठरले, आणि त्यासाठी शाळेतील मुलांची स्पर्धा जाहीर झाली. सीवर्ड या गावच्या अनाथाश्रमात बेनी बेन्सन नावाचा एक मुलगा राहत होता. आईकडून तो अलास्काच्या मूळ रहिवाशांच्या वंशातला होता. तो लहान असतानाच आई वारली, वडिलांना मुलांचा सांभाळ करणे शक्य होईना, म्हणून तो आश्रमात आला. त्या वेळी तो सातव्या इयत्तेत शिकत होता. इतर मुलांनी अस्वले काढली, मध्यरात्रीचा सूर्य काढला, सोने धुण्याच्या थाळ्या काढल्या. बेनीने निळ्या भूमीवर आठ सोनेरी तारे काढले. सात सप्तर्षींचे आणि आठवा ध्रुवाचा.

त्याने त्यांचा अर्थही सांगितला. निळा रंग अलास्काच्या आकाशाचा, आणि तेथील ‘फर्गेट-मी-नॉट’ या रानफुलाचाही. सप्तर्षी हा आकाशातील मोठ्या अस्वलाचा भाग. ते सामर्थ्याचे चिन्ह. ध्रुव हा उत्तरेचा तारा. अलास्का पुढे राज्य झाले म्हणजे सर्वांत उत्तरेकडील राज्य तेच असणार. मे १९२७ मध्ये विधिमंडळाने या चित्राला मान्यता दिली. ३ जानेवारी १९५९ रोजी अलास्का अमेरिकेचे एकोणपन्नासावे राज्य झाले, तेव्हाही हेच निशाण कायम राहिले.

ही निवड योग्यच होती, असे मला वाटते. सोने ज्याला सापडेल त्याचे. आणि ते एक दिवस संपते. तारे कोणी विकत घेऊ शकत नाही. ते श्रीमंताच्या अंगणातून दिसतात, तसेच अनाथाश्रमाच्या खिडकीतूनही दिसतात. महाराष्ट्रातून ध्रुव क्षितिजाजवळ दिसतो, अलास्कात तो डोक्यावर उंच असतो. पण तारा एकच. ज्याच्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, तेच सर्वांचे चिन्ह होऊ शकते.

परंतु चिन्ह चांगले निवडले म्हणजे कर्तव्य संपले काय? मुळीच नाही. ‘फर्गेट-मी-नॉट’ याचा अर्थ ‘मला विसरू नका’. ज्या भूमीच्या निशाणात या फुलाचा रंग होता, तेथेच मूळ रहिवाशांना लोक विसरले होते. काही दुकानांच्या दारांवर त्यांना मज्जाव करणाऱ्या पाट्या होत्या. ज्या मुलाचे निशाण राजधानीवर फडकत होते, त्याच्याच आईच्या लोकांवर अशी वेळ यावी, ही केवढी विसंगती!

१९४५ साली हा भेदभाव बंद करणारा कायदा विधिमंडळापुढे आला. त्लिंगित समाजातील एलिझाबेथ पेराट्रोविच या बाई त्याच्या बाजूने बोलण्यास उभ्या राहिल्या. कायदा केल्याने भेदभाव नाहीसा होईल काय, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांनी उलट विचारले की, चोरी आणि खून यांविरुद्ध कायदे आहेत, त्यामुळे ते गुन्हे नाहीसे झाले आहेत काय? कायदा केल्याने निदान तुम्ही अन्यायाला अन्याय म्हणता, एवढे तरी जगाला कळेल. १६ फेब्रुवारी १९४५ रोजी त्या कायद्यावर सही झाली.

बेनीने निशाण दिले आणि एलिझाबेथबाईंनी त्या निशाणाला शोभेल असे वागण्यास आपल्या प्रदेशाला भाग पाडले. माझ्या मते दुसरे काम अधिक कठीण आहे. निशाण हे एक वचन असते. त्याला वंदन करण्यास क्षणभर पुरतो. ते वचन पाळण्यास मात्र अनेक पिढ्यांना झटावे लागते. कोणतेही निशाण पाहिले म्हणजे त्याचे रंग व आकृती तर ओळखाव्याच; पण त्याच्या छायेत उभे राहण्याचा हक्क कोणाला नाकारला जात नाही ना, हेही पाहावे. निशाणाचा खरा मान त्यातच आहे.