नळी, पिशवी आणि घरची दक्षता

डोंबिवली-कल्याणच्या अनेक घरांत पक्षाघाताने वा प्रोस्टेटच्या विकाराने जर्जर झालेल्या वडीलधाऱ्यांस दीर्घकाळ कॅथेटर लावलेला असतो. लघवी गढूळ दिसली की दुकान उघडण्याच्या घाईत औषधविक्रेत्याकडून परस्पर प्रतिजैविक आणले जाते. वस्तुतः नळी महिनाभर राहिली की लघवीत जंतू आढळणे जवळजवळ अटळच असते. लक्षणांवाचून दिलेल्या गोळ्यांनी ते जंतू अधिक चिवट होतात. ताप, थंडी, ओटीपोटात वेदना किंवा अचानक भ्रम उद्भवल्यास मात्र क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांस दाखवावे.

खरे रक्षण घरच्यांच्या हाती आहे. नळीस स्पर्श करण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत. पिशवी सदैव मूत्राशयाच्या पातळीखाली, परंतु जमिनीस न टेकेल अशी टांगावी. पूर्ण भरण्याआधीच रिकामी करावी. नळीस पीळ पडू देऊ नये, जोड विनाकारण सोडवू नये. नळीभोवतीची त्वचा रोज साबण-पाण्याने धुणे पुरेसे असते. चौविहार पाळणाऱ्यांस डॉक्टरांनी ठरवून दिलेले पाणी सूर्यास्तापूर्वी थोडे थोडे विभागून द्यावे.

प्रत्येक तपासणीत एक प्रश्न अवश्य विचारावा : नळी आता काढता येईल का? अनावश्यक नळी वेळीच काढणे, हाच सर्वोत्तम प्रतिबंध होय.